जाफरचाचांची बोटं आणि काचेचा पडदा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक आदरणीय डॉ. प्रियदर्शनी मॅडम, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रशासन अधिकारी माननीय हंबीरराव साहेब, आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती जाफर शिकलगार म्हणजे आपल्या सर्वांचे जाफरचाचा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी जन्नतबी चाची, इस्लामपूरहून मुद्दाम आलेली शिकलगार मंडळी, परिचारिका भगिनी, रुग्णवाहिकेचे सारे चालक बंधू आणि या सभागृहात जमलेल्या सुजनहो, आपणा सर्वांना माझा नम्र नमस्कार.

मी शिवांजली. आपत्कालीन फोन कक्षात काम करते. मला दिसत नाही हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे, तरी आधीच विचारून घेते. मी तुमच्याकडंच तोंड करून उभी आहे ना? सिद्धू ड्रायव्हर खालून म्हणतोय, ‘जरा उजवीकडं.’ आभारी आहे, सिद्धू.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी चाचांच्या शिस्तीबद्दल आणि गोड स्वभावाबद्दल फार सुंदर सांगितलं. शिस्तीचं मला मान्य आहे. गोड स्वभावाबद्दल मात्र मी सभेची परवानगी घेऊन थोडी असहमत होते. मी कामावर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेय. हा माणूस हट्टी आहे, तापट आहे आणि एकदा ‘न्हाई’ म्हणाला की त्याच्याकडून ‘व्हय’ काढून घेणं देवालाही अवघड. हसू नका, चाचा. तुमचं हसू मला ओळखू येतं.

आमचा फोन कक्ष अपघात विभागाच्या मागं आहे. साताऱ्याकडून, सांगलीकडून, कुठूनही कुणी मदतीसाठी फोन केला की तो तिथं वाजतो. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, रडत असतो, कधी नुसताच ओरडत असतो. त्याच्याकडून काय झालंय आणि कुठं झालंय हे काढून घ्यायचं आणि जवळची गाडी पाठवायची, एवढंच आमचं काम. चाचांची दृष्टी लहानपणी तापात गेली. माझी गेली ती इथं कराडला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. त्यांनी अख्खं आयुष्य अंधारात काढलंय. मी त्यात नवखी. आमचं पटणार कसं?

आमचं भांडण कशावरून होतं, माहीत आहे? सुट्टीवरून नाही, पाळीवरून नाही. ट्रॅकपॅड चांगला की टच स्क्रीन, यावरून! बघणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून थोडं समजावून सांगते. ट्रॅकपॅड म्हणजे लॅपटॉपच्या कळांखाली असतो तो गुळगुळीत चौकोन. तुम्ही त्यावर बोट फिरवता आणि समोर बाण फिरतो. आम्हाला बाण दिसत नाही, त्यामुळं तसा तो आमच्या काही कामाचा नाही. पण चाचांनी आपल्या लॅपटॉपवर अशी सोय करून घेतली होती, की बोट उजवीकडं सरकवलं की पुढचं नाव बोललं जायचं, डावीकडं सरकवलं की मागचं. कराड, इस्लामपूर, विटा, म्हसवड. हवं ते नाव आलं की खालचं बटण खटकन दाबायचं. ते बटण दाबल्याचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत यायचा.

मी मोबाइलच्या पडद्यावर वाढलेली. बोट जिथं टेकेल तिथं काय आहे ते फोन बोलून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की काम होतं. मी म्हणायचे, “चाचा, तुमच्या ट्रॅकपॅडवर रांगेत उभं राहावं लागतं. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. स्क्रीनवर प्रत्येकाला आपापली जागा असते. मी थेट तिथं जाते.”

ते म्हणायचे, “काच हाय ती पोरी. काचंवर कसली जागा? माझ्या ट्रॅकपॅडला काठ हाय. हात भटकला तर काठाला लागतो. तुझ्या काचंवर नुसतं बोट इसरून ऱ्हायलं तरी काय तरी व्हऊन बसतंय.”

हे असं रोज चालायचं. तोवर ते नुसतं भांडणच होतं. त्यात कुणाचं काही जाणार नव्हतं.

मग गेल्या वर्षी, ऊसतोडीच्या हंगामात, कक्षात नवी यंत्रणा आली. दोघांच्या टेबलावर एकेक उशीएवढा मोठा टच स्क्रीन. फोन त्यातच, गाड्या त्यातच, चालकांचे नंबर त्यातच, नकाशाही त्यातच. कळा नाहीत, बटणं नाहीत. हंबीरराव साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि विचारलं, जमेल का?

चाचा लगेच म्हणाले, “साहेब, आंधळ्या मानसाला ह्यो पडदा जमनार न्हाई.”

मी म्हणाले, “साहेब, जमतो. बोलून दाखवण्याची सोय चालू केली की जमतो.”

साहेब म्हणाले, “एक म्हणतो जमत नाही, दुसरी म्हणते जमतं. मी कुणाचं धरू?” त्यांनी ठरवलं की महिनाभर बघायचं. जुने लॅपटॉप भांडारात ठेवायचे, म्हणजे हात तिकडं जाणार नाहीत. आणि या महिन्यात गाडी चुकली, तर दोन्ही खुर्च्यांवर डोळस माणसं बसवायची. साहेब, मी तक्रार करत नाहीये. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. पलीकडं माणसाचा जीव असतो.

पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर माझा तोल सुटला. मी चाचांना म्हणाले, “तुमचं एक वर्ष राहिलंय. माझी सगळी नोकरी राहिलीय. तुम्ही आत काय म्हणालात? ‘आंधळ्या माणसाला जमणार नाही.’ ‘मला जमणार नाही’ असं का नाही म्हणालात?”

त्यांच्या काठीचा आवाज जिन्याकडं गेला आणि मी तिथंच उभी राहिले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. एका खोलीत दोन माणसं, आणि कामापुरतं सोडून शब्द नाही. मी पडद्यावर झरझर काम करायचे. शेजारून त्यांच्या पडद्याचा आवाज यायचा. भलतंच नाव बोलायचा, मग परत मागं, मग पुन्हा भलतंच. मला वाटायचं, हे मुद्दाम करतायत. शिकायचंच नाही म्हणून करतायत. मला मनातून राग यायचा आणि भीतीही वाटायची. गाडी त्यांच्याकडून चुकली तरी खुर्ची माझीही जाणार होती.

आणि तो दिवस आला.

दुपारची वेळ होती. मी डबा खायला कँटीनमध्ये गेले होते. परत येताना दारातूनच मला ऐकू आलं. चाचांच्या पडद्याचा आवाज मोठ्यानं बोलत होता, “इस्लामपूर. गाडी रवाना.” आणि चाचा म्हणत होते, “न्हाई, न्हाई, रद कर... रद कर!” पडदा म्हणाला, “विटा.” पडदा म्हणाला, “आवाज बंद.” पडदा म्हणाला, “मुख्य पान.”

मी धावले. खुर्चीला अडखळले. “चाचा, काय झालं?”

“म्हसवडकडची बाई हाय फोनवर. सुनंचं रगात थांबंना. मी म्हसवड दाबत हुतो, इस्लामपूरची गाडी सुटली. शिवा, ये हिकडं. पडदा तू धर.” आणि मग त्यांचा आवाज असा झाला, जसा मी कधीच ऐकला नव्हता. “माझ्या बोटांना कळंना झालंय. कवाच्या काळापास्नं कळंना. काचंला बोट लागलंय का न्हाई, मला ठावंच व्हत न्हाई गं.”

पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाची, बसा. कृपा करून बसा. हे तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय, मला माहीत आहे. मी चोरून सांगत नाहीये. चाचांनी आज सकाळी मला स्वतः सांगायला सांगितलंय. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबा. मग तुम्ही दोघं काय भांडायचं ते भांडा.

तर त्या क्षणी मला वाईट वाटायलाही वेळ नव्हता. हेडफोन दोन होते. एक त्यांनी बाईसाठी ठेवला, दुसरा मी पडद्याच्या आवाजासाठी लावला. यंत्रणा अशी होती, की एका फोनसाठी एक गाडी निघाली, की ती रद्द होईपर्यंत दुसरी निघत नाही. म्हणजे इस्लामपूरची गाडी एवढ्या लांबून निघाली होती आणि म्हसवडची गाडी जवळ असून उभी होती. रद्द करण्याचं बटण डाव्या कोपऱ्यात खाली. तिथं नुसती टिचकी चालत नाही. दोनदा टेकवून दाबून धरावं लागतं, आणि बोट केसभर हललं तरी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा माझंही हललं. दुसऱ्यांदा श्वास रोखून धरला. पडदा म्हणाला, “रद्द.”

मी म्हसवडची गाडी निवडली. त्या गाडीवर हा सिद्धू होता. आता फक्त ठिकाण द्यायचं होतं. गावाचं नाव सांगितलं की यादीत सापडतं, असं मी इतके दिवस करत आले होते. मी विचारलं, “चाचा, गाव कोणतं?”

पलीकडं होत्या धोंडुबाई. मेंढपाळाच्या घरच्या. मेंढरं घेऊन निघालेलं कुटुंब, आदल्या दिवशी संध्याकाळीच त्या माळावर उतरलेलं. पुरुष माणसं मेंढरांमागं लांब गेलेली. सून पालात बाळंत झाली, बाळ रडलं, सगळं ठीक वाटलं आणि मग रक्त वाहायला लागलं. चाचा त्यांना जे जे विचारत होते आणि हेडफोनमधून त्यांचं जे उत्तर बाहेर येत होतं, ते मला मोकळ्या कानानं ऐकू येत होतं.

“आक्का, गाव कुठलं?”

“आवं दादा, आमी कालच आलुया. म्हसवडचा बाजार करून निगालो, दोन मुक्काम झालं. गावाचं नाव मला काय ठावं!”

“जवळ काय दिसतंय?”

“डोंगुर हाय. डोंगरावर त्ये वाऱ्याचं पंखं फिरत्यात.”

“पंख्याच्या खांबावर, न्हाई तर इजंच्या खांबावर काय लिव्हलंय?”

“मला वाचाय येत न्हाई, दादा.”

“मलाबी येत न्हाई, आक्का. आपुन दोघं मिळून काडू मारग. रडू नगा.”

मी नकाशा उघडला. वाटलं, म्हसवडपासून डोंगराच्या दिशेनं बोट सरकवत जाऊ. मंडळी, त्या दिवशी पहिल्यांदा माझी त्या नकाशाशी गाठ पडली. वर बोट ठेवलं, पडदा म्हणाला, “नकाशा.” खाली ठेवलं, “नकाशा.” डावीकडं, उजवीकडं, मधोमध, “नकाशा, नकाशा, नकाशा.” सगळा माण तालुका माझ्या बोटाखाली होता आणि काच मला एका शब्दाच्या पुढं काही सांगत नव्हती. मी, जी रोज सांगत होते की पडद्यावर प्रत्येकाला आपापली जागा असते! माझ्या तळहाताला घाम फुटला आणि घामानं बोट घसरायला लागलं.

चाचांनी माझी गडबड ऐकली. मला काही विचारलं नाही. धोंडुबाईंना म्हणाले, “आक्का, रस्त्याचा आवाज येतोय मला. गाडी गेली आत्ता. रस्ता किती लांब हाय?”

“ह्यो काय, कॅनॉलच्या पल्याड.”

“मग पळा. फोन कानाला धरूनच पळा. जी गाडी यील तिच्यापुढं हुबं ऱ्हावा. बाजूला व्हऊ नगा.”

त्यांच्या धापा आमच्या खोलीत ऐकू येत होत्या. मागं बाळाचं रडणं लांब लांब जात होतं. एक गाडी आली आणि न थांबता गेली. धोंडुबाई ओरडल्या. मग एक मोटरसायकल आली, ब्रेक लागला, एक माणूस चिडून म्हणाला, “मरायचंय का, आजे?” आणि मग फोन त्याच्या हातात गेला. त्याचं नाव नानासो. त्या भल्या माणसानं एका दमात सांगितलं की हा पाटीलमळ्याचा कॅनॉल, मोठ्या गेटाच्या पुढं, पवनचक्क्यांच्या पायथ्याला. पाटीलमळा यादीत नव्हता. मी ‘चालकाशी बोला’ हे बटण शोधून दाबलं आणि चाचांनी सिद्धूला वाट तोंडानं सांगितली. नानासोला म्हणाले, “भावा, रस्त्यावरच थांब. आमची गाडी दिसली की हात कर.” तो थांबला आणि धोंडुबाई फोन घेऊन पालाकडं पळाल्या.

तोवर मॅडम, आमचा गोंधळ ऐकून तुम्ही धावत आमच्या खोलीत आला होतात. तुम्ही हेडफोन लावून धोंडुबाईंना सांगायला लागलात, सुनेचं पोट कसं चोळायचं, बाळाला छातीशी कसं लावायचं, पाय कसे उंच ठेवायचे. मी आणि चाचा दोघंही नुसते बसून होतो. आम्हाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्या कामात हीच वेळ सगळ्यात वाईट. मध्येच त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मग हेडफोनमधून, फार लांबून, सिद्धूच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

ती मुलगी वाचली. दोन दिवस मॅडमनाही खात्री नव्हती, पण वाचली. बाळाचं नाव त्यांनी काय ठेवलं ते मला माहीत नाही. ते पुढच्या माळावर निघून गेले.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि आज मी उभी आहे ती पुढचं सांगायला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. त्या यंत्रणेत सगळं नोंदलं जातं. साहेबांनी विचारलं, “इस्लामपूरची गाडी का सुटली?”

विचार करा. चाचांनी एवढंच म्हटलं असतं, ‘साहेब, मी आधीच सांगितलं होतं, आंधळ्याला हा पडदा जमत नाही,’ तर? सगळ्यांनी मान हलवली असती. त्यांचा शब्द खरा ठरला असता. वर्षभर त्यांना कुठं तरी सन्मानानं बसवलं असतं, आणि मी घरी गेले असते. मी त्यांच्या तोंडून तेच यायची वाट बघत होते.

चाचा म्हणाले, “साहेब, चूक काचंची न्हाई. माझी हाय. आंधळ्याला जमत न्हाई आसं मी म्हनलो हुतो, ते खोटं हाय. ह्या पोरीला जमतंय. मला जमत न्हाई. शुगरनं माझ्या बोटांच्या टोकांची जानीव गेली. आधी पायाची गेली, मग हाताची. ब्रेल तर कवाच सुटलं. लॅपटॉपवर कळा खटकन वाजायच्या, ट्रॅकपॅडवर मी अंगठ्याच्या पेरानं काम करत हुतो, म्हनून कुनाला कळलं न्हाई. ह्या काचंवर झाकून ऱ्हात न्हाई.”

साहेब उठून त्यांच्याजवळ आले. त्यांच्या बोटाच्या टोकावर त्यांनी पेनचं टोक टेकवलं आणि विचारलं, “कळतंय?”

चाचा म्हणाले, “काय कळतंय?”

साहेबांनी पेनचं टोपण लावल्याचा आवाज आला.

साहेब, तुम्ही त्या दिवशी जे केलंत त्याबद्दल मी सर्वांसमोर तुमचे आभार मानते. तुम्ही लॅपटॉप भांडारातून परत आणवलेत. आज आमच्या टेबलावर पडदाही आहे आणि कळाही आहेत, ज्याच्या हाताला जे कळतं ते त्यानं वापरावं. मुका नकाशा बोलका करून दिल्याशिवाय त्या कंपनीच्या माणसाला तुम्ही सोडलं नाहीत. माझी खुर्ची राहिली. पण चाचांची गेली. ते स्वतःच म्हणाले, “ज्या हातानं गाडी चुकली त्यो हात तिथं नगं.” शेवटचं वर्ष त्यांनी चौकशीच्या खिडकीवर काढलं. बाह्यरुग्ण विभाग कुठं, एक्स-रे कुठं, हे सांगत. इतक्या लोकांना वेळेत गाडी पाठवलेल्या माणसानं. या सभागृहातल्या किती जणांना त्याचं कारण माहीत होतं? ‘जाफरचाचा थकले’ एवढंच सगळे म्हणायचे. त्यांनी ते म्हणू दिलं.

आज सकाळी मी त्यांना म्हणाले, “चाचा, मी भाषणात तुमचं कौतुक करणार आहे.” ते म्हणाले, “कौतुक नगं. ते बोटांचं सांगून टाक.” मी विचारलं, “घरी अजून सांगितलं नाही?” ते म्हणाले, “न्हाई.”

मी म्हणाले, “का? चाची रागावतील म्हणून?”

चाची, आता तुमच्याशीच बोलते. ते म्हणाले, “लगीन झाल्यापास्नं ती माझा हात धरून चालतीया. मला ती दिसली न्हाई कवा. माझ्यासाठी जन्नत म्हंजे त्यो हात. तिला कसं सांगू, की हल्ली तिनं हात धरला तरी मला बोटाला कळत न्हाई? ती धरती आन् मी धरल्यागत करतो.”

मी विचारलं, “मग कुठं कळतं?” त्यांनी माझा अंगठा आपल्या मनगटावर ठेवला. म्हणाले, “हितं. हितं अजून समदं कळतंय.”

चाची, समारंभ संपल्यावर यांना घरी नेताना बोटं धरू नका. मनगट धरा.

आपण सर्वांनी मला बोलायची संधी दिलीत आणि एवढा वेळ इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल अध्यक्षांची, व्यासपीठावरील मान्यवरांची आणि तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. सत्काराच्या प्रसंगी एखाद्याच्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगितली, कुणाचा मान राखायला कमी पडले असेन, बोलण्याच्या भरात कुणाला दुखावलं असेन, तर मोठ्या मनानं मला माफ करावं. चाचा, तुम्हीही.

धन्यवाद.